कार्यमूल्यमापन आणि वैद्यकीय सेक्रेटरीचे वेतन : एका गुणपत्रकाची चिकित्सा

मराठी राज्याच्या कारभारात चिटणिशी ही सामान्य चाकरी नव्हती. शिवछत्रपतींच्या पदरी बाळाजी आवजी चिटणीस होते, आणि त्यांच्याच घराण्यातील मल्हार रामराव यांनी पुढे बखर लिहिली, हे अभ्यासकांस ठाऊक आहे. राजाच्या वतीने पत्र लिहिणाऱ्यास राजाच्या मनातले कळावे लागे आणि कळलेले पोटात ठेवता यावे लागे. शब्दाची घडण मात्र यातील दुसऱ्या गुणाची दखल घेत नाही. ‘चिटनवीस’ म्हणजे चिठ्ठी लिहिणारा, एवढेच तो शब्द सांगतो. इंग्रजीतील ‘सेक्रेटरी’ हा शब्द नेमका उलट बाजूने घडला. त्याच्या मुळाशी गुपित या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. लिहिणे त्यात नाही, राखणे आहे. एकाच पदाची ही दोन अंगे होत. वेतन ठरविण्याची वेळ येते तेव्हा यातील कोणते अंग मोजले जाते, हा प्रश्न दिसतो तितका शाब्दिक नाही. ब्रिटनच्या नॅशनल हेल्थ सर्व्हिसमध्ये तो गेली वीस वर्षे आकड्यांत सोडविला जात आहे, आणि ज्या दस्तऐवजाच्या आधारे सोडविला जातो त्याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा दस्तऐवज म्हणजे ‘अजेंडा फॉर चेंज’ या वेतनकरारासोबत आलेली कार्यमूल्यमापनाची पुस्तिका. करार १ ऑक्टोबर २००४ पासून अंमलात आला. डॉक्टर, दंतवैद्य आणि अगदी वरिष्ठ व्यवस्थापक वगळता रुग्णालयातील झाडून साऱ्या नोकरांस एकाच मापाने मोजावे, अशी त्यामागची कल्पना. परिचारिका, सुतार, स्वयंपाकी, औषधनिर्माते, हमाल, टंकलेखक या सर्वांचे काम सोळा घटकांत विभागावयाचे, प्रत्येक घटकास पायऱ्या व पायऱ्यांस गुण द्यावयाचे, आणि गुणांच्या बेरजेवरून वेतनश्रेणी ठरवावयाची. एकूण गुण १,०००. अशा मापाची गरज का पडली, याचा इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. १९४८ साली आरोग्यसेवा स्थापन झाल्यापासून वेतने व्हिटली मंडळांकडून ठरत. प्रत्येक व्यवसायगटाचे मंडळ वेगळे, आणि एका गटाच्या कामाची दुसऱ्याच्या कामाशी तुलना करण्याची सोयच नव्हती. १९७० चा समान वेतनाचा कायदा १९७५ अखेर लागू झाला. ‘समान मूल्याच्या’ कामाचा दावा त्यात समाविष्ट होण्यास मात्र युरोपीय न्यायालयाचा १९८२ चा प्रतिकूल निर्णय आणि १९८४ च्या आरंभी लागू झालेली दुरुस्ती यांची वाट पाहावी लागली. त्यानंतर पाम एंडरबी या वाचोपचार-तज्ज्ञ महिलेने १९८६ मध्ये दावा लावला : आपले काम चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ व औषधनिर्माते यांच्या तोडीचे असता वेतन कमी का? युरोपीय न्यायालयाने १९९३ मध्ये असे ठरविले की, दोन गटांची वेतने वेगवेगळ्या वाटाघाटींतून ठरली एवढेच कारण हा फरक समर्थनीय ठरविण्यास पुरेसे नाही. व्हिटली मंडळांच्या भिंतींचा पायाच या निर्णयाने खचला. सोळा घटकांची पुस्तिका त्या पडझडीतून उभी राहिली.

तिची निर्मितीकथा ध्यानात घेतली म्हणजे तिच्याविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. जुन्या कार्यमूल्यमापन पद्धती कारखान्यांतून आल्या होत्या. वजन उचलणे, धूळ, उष्णता, यंत्रावरील जबाबदारी हे त्यांस चटकन दिसे. रडणाऱ्या नातेवाइकाशी बोलणे त्यांस दिसतच नसे. तो स्त्रीचा स्वभाव समजला जाई आणि स्वभावाला वेतन नसते. या पुस्तिकेने भावनिक परिश्रम हा स्वतंत्र घटक मानला व त्यास शारीरिक परिश्रमाच्या शेजारी बसविले. संवादकौशल्य वेगळे काढले. २००९ साली हार्टले प्रकरणी न्यायाधिकरणाने ही योजना समान वेतनाच्या कायद्याशी सुसंगत असल्याचा निर्वाळाही दिला. स्त्री-पुरुष भेदाच्या कसोटीवर ती टिकली, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न उरतो तो निराळा : ज्या श्रमाला तिने प्रथमच नाव दिले, त्याला तिने मोल किती दिले?

येथे आकड्यांकडे वळावे लागते. १,००० गुणांपैकी २४० गुण ज्ञान, प्रशिक्षण व अनुभव या एका घटकास आहेत. संवाद, विश्लेषण, नियोजन व शारीरिक कौशल्य यांस प्रत्येकी कमाल ६०. रुग्णसेवा, धोरण, द्रव्यसाधने, मनुष्यबळ, माहिती व संशोधन या सहा जबाबदाऱ्यांस प्रत्येकी ६०, आणि कार्यस्वातंत्र्यासही ६०. उरलेल्या चार घटकांस, म्हणजे शारीरिक परिश्रम, मानसिक परिश्रम, भावनिक परिश्रम व कामाची परिस्थिती यांस, प्रत्येकी कमाल २५. भावनिक परिश्रमाच्या चार पायऱ्या असून त्यांचे गुण ५, ११, १८ व २५ असे आहेत. ज्याला दुःखद प्रसंग क्वचितच भेटतो त्यास ५, आणि ज्याचा दिवसच अशा प्रसंगांत जातो त्यास २५. दोघांतील अंतर २० गुणांचे. उलट ज्ञानाच्या शिडीवर तिसऱ्या पायरीवरून चौथीवर चढले की ६० चे ८८ होतात, म्हणजे एका पावलात २८ गुण पदरी पडतात. भावनिक परिश्रमाची सगळी शिडी तळापासून माथ्यापर्यंत चढूनही ज्ञानाच्या त्या एका पावलाएवढी उंची गाठता येत नाही.

श्रेणींच्या सीमांशी हे ताडून पाहिले म्हणजे अर्थ आणखी स्पष्ट होतो. तिसरी श्रेणी २१६ ते २७० गुणांची, चौथी २७१ ते ३२५ ची. प्रत्येकीची रुंदी ५५. वैद्यकीय सेक्रेटरीचे पद सामान्यतः या दोहोंपैकी एकीत बसते, स्वागतिकेचे पद पुष्कळदा त्याहून खालच्या दुसऱ्या श्रेणीत. एखादे पद तिसऱ्या श्रेणीच्या मध्यावर असेल तर भावनिक परिश्रमाचे सारे गुण त्याच्या पदरात टाकले तरी ते चौथीत जात नाही. सीमेच्या अगदी काठावर उभे असलेल्या पदासच या घटकाचा उपयोग; आणि म्हणूनच या पदांचे तंटे काठावर एकेका गुणासाठी चालतात.

शारीरिक व भावनिक परिश्रमास सारखेच २५ गुण दिले, यास समतेचे लक्षण मानण्याचा मोह होतो. पण ही समता कोणत्या दिशेने साधली हे पाहण्यासारखे आहे. हमालाच्या स्नायूंस जुन्या पद्धतींत मिळत असलेले अवाजवी महत्त्व कमी करण्यासाठी परिश्रमांचे सारेच घटक हलके केले गेले, आणि त्या हलक्या पारड्यात सेक्रेटरीच्या सोसण्यास जागा मिळाली. हमाल आणि सेक्रेटरी यांच्यात न्याय झाला. परंतु परिश्रम विरुद्ध प्रमाणपत्र या जुन्या वादात दोघेही एकाच बाजूस, हरलेल्या बाजूस, राहिले. एंडरबीचा दावा पदवीधरांनी पदवीधरांशी केलेल्या तुलनेचा होता हे येथे आठवावे. ज्या लढ्यातून माप घडले त्या लढ्याच्या अंगास ते बरोबर बसते. जो त्यात नव्हता त्याच्या अंगावर ते ढगळ होते.

गुणांची वाटणी हा एक भाग झाला. त्याहून महत्त्वाचा प्रश्न पुस्तिकेच्या भाषेचा आहे, कारण गुण भाषेतूनच मिळतात. यासाठी वैद्यकीय सेक्रेटरीच्या कामातील एक नित्याचा प्रसंग घ्यावा. एका रुग्णाची तपासणी झाली आहे. अहवाल आला आहे, तो वाईट आहे, आणि सेक्रेटरीने तो वाचला आहे. कारण तोच डॉक्टरांपुढे ठेवणे, पत्रात घालणे व पुढील भेटीची वेळ ठरविणे तिच्याकडेच असते. डॉक्टर शस्त्रक्रियागृहात आहेत. दूरध्वनी वाजतो. रुग्णाची पत्नी विचारते, अहवाल आला का? सेक्रेटरीला खोटे बोलता येत नाही व खरेही सांगता येत नाही. अहवाल डॉक्टरच समजावून सांगतील एवढे म्हणावे, उद्याची वेळ द्यावी, सोबत कोणास तरी आणा असे सुचवावे; आणि ‘कोणास तरी आणा’ या तीन शब्दांतून काही फुटू नये अशा स्वरात ते सुचवावे. फोन ठेवल्यावर तिच्या ध्यानात येते की उद्याचा दिवस भरलेला आहे. मग ती दुसऱ्या कोणाची तरी भेट हलविते. कोणाची हलविली तर चालेल हे तिला वर्षानुवर्षांच्या सवयीने ठाऊक असते. या साऱ्यास चार मिनिटे लागली असतील.

पुस्तिकेच्या तराजूत ही चार मिनिटे कशी पडतात? संवादाच्या घटकात हे तारतम्याने द्यावयाची वा संवेदनशील स्वरूपाची माहिती म्हणून तिसऱ्या पायरीवर, म्हणजे ६० पैकी २१ गुणांवर, बसते. त्यावरच्या पायऱ्या ज्याने ती बातमी सांगावयाची त्याच्यासाठी आहेत. ज्याने ती न सांगण्याचे कौशल्य दाखवावयाचे त्याच्यासाठी नाहीत. रुग्णसेवेच्या जबाबदारीत पहिली पायरी प्रसंगोपात्त संपर्कात साह्य करणाऱ्याची, दुसरी चिकित्सेतर माहिती वा मार्गदर्शन देणाऱ्याची. गुण अनुक्रमे ४ व ९. सेक्रेटरी या दोहोंपलीकडे सहसा जात नाही, कारण तिने जे केले ते ‘चिकित्सेतर’ ठरते. माहितीच्या जबाबदारीतील खालच्या पायरीची व्याख्या विशेष बोलकी आहे : इतरांनी संकलित केलेल्या माहितीची नोंद करणे, मजकूर लिहिणे, तो साठविणे. ‘इतरांनी’ हा शब्द वाचकाने लक्षात ठेवावा. डॉक्टरांच्या ध्वनिमुद्रणात उजव्या गुडघ्याऐवजी डावा गुडघा आला आणि सेक्रेटरीने जुने कागद पाहून तो दुरुस्त करून घेतला, तर माहिती कोणाची? पत्रात सहा आठवड्यांनी भेट द्यावी असे म्हटले आहे, पण भेट कोणी ठरविलीच नाही, हे जिच्या ध्यानात येते तिने त्या माहितीत काही घातले की नाही? व्याख्येच्या दृष्टीने नाही. ती दुसऱ्याच्या मजकुराची वाहक.

भावनिक परिश्रमाच्या घटकात तर एक भेद असा केला आहे की त्याचा परिणाम या वर्गावर थेट होतो. प्रत्यक्ष संपर्क आणि अप्रत्यक्ष संपर्क यांस पुस्तिका सारखे लेखीत नाही. दुःखाच्या समोर बसणारा एकीकडे, दुःखाचा वृत्तान्त टंकलिखित करणारा दुसरीकडे. भेद वरवर पाहता वाजवी आहे. मरणाच्या खोलीत असणे व मरणाचे पत्र लिहिणे एक नव्हे. परंतु दूरध्वनी कोणत्या बाजूचा? समोर कोणी नाही म्हणून तो अप्रत्यक्ष म्हणावा, तर कानात पडणारा हुंदका प्रत्यक्षच असतो. समोरासमोर बसलेल्या परिचारिकेला निदान हात धरता येतो. फोनवरच्या बाईला स्वराखेरीज साधन नाही. त्यातही पुस्तिका मोजते ते प्रसंगाची तीव्रता आणि वारंवारता, म्हणजे काय अंगावर येते व किती वेळा येते एवढेच. आलेल्या गोष्टीचे माणूस काय करतो, हे तिच्या दृष्टीपलीकडे राहते. भावनिक श्रम ही तिला एक प्रकारची झीज वाटते.

आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ च्या ‘द मॅनेज्ड हार्ट’ या ग्रंथात विमानातील सेविका व वसुली करणारे कर्मचारी यांच्या अभ्यासावरून जी ‘भावश्रमा’ची कल्पना मांडली, ती नेमकी याहून भिन्न होती. दुसऱ्याच्या मनात विशिष्ट भाव निर्माण व्हावा म्हणून स्वतःचा भाव घडविणे वा दाबणे ही हॉकशील्ड यांच्या मते शिकावी लागणारी, धन्याच्या देखरेखीखाली चालणारी व मोबदल्यासाठी विकली जाणारी कृती आहे. झीज तिचा परिणाम असेल. ती स्वतः झीज नव्हे. पुस्तिकेने हॉकशील्ड यांची संज्ञा जवळजवळ उचलली, पण कौशल्याच्या खान्यातून काढून परिश्रमाच्या खान्यात ठेवली. कौशल्याच्या खान्यात तिची कमाल ६० असती, परिश्रमाच्या खान्यात ती २५ आहे. वर्गीकरणाच्या एका निर्णयाची ही किंमत.

गुण देणारे मंडळ व्यवस्थापन व कामगार संघटना यांच्या प्रतिनिधींचे मिळून बनते, आणि ही गोष्ट पद्धतीच्या बाजूने सांगितली पाहिजे. पण ते मंडळ माणसास पाहत नाही, कार्यवर्णन वाचते. ते वर्णन राष्ट्रीय नमुन्याशी जुळते का हे तपासते आणि जुळले की श्रेणी ठरते. न जुळल्यास प्रश्नावली भरून घेऊन स्थानिक मूल्यमापन होते. व्यवहारात बहुतेक पदांचे भवितव्य जुळणीवरच ठरते. म्हणून कार्यवर्णन हा एक वाङ्मयप्रकार मानून त्याचे वाचन केले पाहिजे. सेक्रेटरीच्या कार्यवर्णनातील क्रियापदे पाहावी : साह्य करणे, टंकलेखन करणे, नोंद ठेवणे, कळविणे, अग्रेषित करणे. डॉक्टर ‘ठरवितात’, परिचारिका ‘मूल्यांकन करते’, सेक्रेटरी ‘साह्य करते’. ज्या स्त्रीने आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रे सुबक भाषेत लिहिली, तिच्या कामाचे वर्णन बहुधा दुसरेच कोणी लिहिते. आणि स्वतः लिहावयाची वेळ आली तर तीही तीच क्रियापदे वापरते, कारण कार्यालयीन नम्रतेची तिला सवय जडलेली असते. ज्ञानाच्या तिसऱ्या व चौथ्या पायरीतील भेदही शब्दांवरच उभा आहे. कामातील काही भाग नेहमीपेक्षा वेगळा असेल व सैद्धान्तिक ज्ञान प्राथमिक असेल तर तिसरी. बहुतांश भाग तसा असेल व ज्ञान मध्यम असेल तर चौथी. भरलेल्या दिवसात दुसऱ्याची भेट हलवून जागा करणे हे नित्याचे की अनित्याचे? जी ते रोज करते ती त्याला नित्याचेच म्हणेल. अनुभवाने काम सोपे झाले की ते ‘नित्याचे’ होते, आणि नित्याचे झाले की त्याचे मोल उतरते.

२०२० नंतरच्या वर्षांत ब्रिटनमधील आरोग्यसेवा-साहाय्यकांनी आपणांस दुसऱ्या श्रेणीतून तिसरीत घ्यावे म्हणून जी मोहीम चालविली तिला अनेक रुग्णालयांत यश आले. रक्तदाब घेणे, रक्ताचा नमुना काढणे ही कामे तिसऱ्या श्रेणीची असून ती आपण करतो, असे त्यांस दाखविता आले. त्यांची कामे मोजून दाखविण्याजोगी होती. सेक्रेटरीला असे काय दाखविता येईल? न फुटलेली बातमी दाखविता येत नाही.

जोन अॅकर यांनी १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डूइंग कंपेरेबल वर्थ’ या ग्रंथात अमेरिकेतील ऑरेगन राज्याच्या अशाच एका प्रयत्नाचे आतून पाहिलेले चित्र दिले आहे. मानवी संबंधांच्या कौशल्यास अधिक गुण मिळावेत म्हणून तेथेही खटपट झाली, आणि तेथेही मापाची मूळ चौकट, म्हणजे वरिष्ठाला अधिक व कनिष्ठाला कमी ही उतरंड, हलू दिली गेली नाही. कार्यमूल्यमापन स्त्री व पुरुष यांतील अंतर कमी करू शकते, पण ते करताना वरच्या व खालच्या दर्जातील अंतरास शास्त्रीयतेचा शिक्का देते, असा अॅकर यांच्या विवेचनाचा रोख आहे. ब्रिटिश पुस्तिकेस तो लागू पडतो. किंबहुना तेथे एक गोष्ट अधिक आहे. डॉक्टर या मापाबाहेर आहेत. ज्या जोडीने ते पत्र, ती भेट, तो दूरध्वनी पार पाडला त्या जोडीतील दोघांस एकाच तराजूत कधीच ठेवले जात नाही. सेक्रेटरीची तुलना सुताराशी होऊ शकते. जिच्या कामाचा अर्धा भाग ती उचलते त्या व्यक्तीशी होऊ शकत नाही.

वेतनाचे प्रत्यक्ष आकडेही पाहावेत. २०२५-२६ सालासाठी इंग्लंडमध्ये दुसऱ्या श्रेणीचे वार्षिक वेतन २४,४६५ पौंड, तिसरीचा आरंभ २४,९३७, चौथीचा २७,४८५ आणि पाचवीचा, म्हणजे जेथे नवी परिचारिका रुजू होते तिचा, ३१,०४९ पौंड होता. दुसरी व तिसरी यांतील आरंभीचे अंतर ४७२ पौंड, महिन्याकाठी चाळिसाच्या आत. १६१ गुणांपासून सुरू होणाऱ्या श्रेणीतून २१६ गुणांच्या श्रेणीत जाण्यासाठी मंडळे बसतात, प्रश्नावल्या भरल्या जातात, अपिले होतात; आणि त्या सर्वाअंती नव्याने लागणाऱ्या स्वागतिकेस मिळते ते एवढे. कायद्याने ठरणारे किमान वेतन खालून चढत गेले व खालच्या श्रेणी त्याच्या दाबाने एकमेकींवर सरकल्या, हे त्याचे मुख्य कारण होय. किमान वेतन वाढावे हे योग्यच. परंतु सूक्ष्म गुणभेद करणारे माप ज्या मजल्यावर सर्वांत हिरिरीने वापरले जाते त्याच मजल्यावर त्याच्या भेदांना आर्थिक अर्थ सर्वांत कमी उरला आहे, ही विसंगती पुस्तिकेच्या समर्थकांनी फारशी विचारात घेतलेली दिसत नाही.

दूरध्वनीवरून सल्ला देणाऱ्या १११ सेवेतील कर्मचाऱ्यांचे उदाहरण याच जातीचे, पण अधिक टोकाचे आहे. ही सेवा इंग्लंडभर २०१३ च्या सुमारास सुरू झाली. फोन घेणारा वैद्यकीय पदवीधर नसतो. संगणकावर येणारे प्रश्न क्रमाने विचारून उत्तरांनुसार रुग्णवाहिका, डॉक्टर वा घरगुती उपाय यांपैकी एकाकडे तो रुग्णास पाठवितो. जेथे सदर करार लागू आहे तेथे हे पद बव्हंशी तिसऱ्या श्रेणीत धरले गेले. प्रश्न ठरलेले, म्हणून कार्यस्वातंत्र्यास गुण थोडे. प्रशिक्षण आठवड्यांचे, म्हणून ज्ञानास थोडे. छातीत कळ आलेल्या माणसाच्या बायकोस पुढचा प्रश्न ऐकावयास लावणे हे कोठे मोजले जाते? पुन्हा त्याच २५ गुणांच्या खणात.

आणि हे सर्व मापाच्या आत असलेल्यांचे झाले. सामान्य व्यावसायिक डॉक्टरांचे दवाखाने ब्रिटनमध्ये स्वतंत्र कंत्राटदार समजले जातात. तेथील स्वागतिकेस, जिच्याशी सामान्य माणसाची गाठ सर्वांत आधी पडते, ‘अजेंडा फॉर चेंज’ बंधनकारकपणे लागू नाही. तिचे वेतन दवाखान्याचे भागीदार ठरवितात. टंकलेखनाचा भाग तर समुद्रापलीकडेही गेला. अमेरिकी रुग्णालयांतील डॉक्टरांची ध्वनिमुद्रिते ऐकून अहवाल तयार करण्याचा व्यवसाय भारतात, मुंबई-पुण्यातही, रुजला, आणि ब्रिटनमधील काही रुग्णालयांनीही आपली पत्रे भारतात टंकलेखनास पाठविली. त्या व्यवसायात मोबदला पुष्कळदा ओळींवर ठरे. अमेरिकी प्रघाताप्रमाणे ६५ अक्षरचिन्हांची एक ओळ. जिने पुण्यात बसून बोस्टनच्या रुग्णाचे निदान लिहिले तिला त्या रुग्णाचा फोन कधी येणार नव्हता. तिच्याकडे केवळ चिठ्ठी आली, गुपिताचा भार व मान दोन्ही तेथेच राहिले. ओळीवरचा दर हे चिटनविशीचे अगदी शुद्ध रूप होय. तरी निदानाचा अहवाल ऐकत लिहिणाऱ्या त्या मुलीच्या कानावर काहीच पडले नाही असे कोण म्हणेल?

पुस्तिकेतील एक तपशील शेवटी मुद्दाम पाहावयाचा राहिला आहे. शारीरिक कौशल्याच्या घटकात सर्वसाधारण टंकलेखन दुसऱ्या पायरीवर, १५ गुणांचे. वेग व अचूकता यांची खास अट असलेले प्रगत टंकलेखन तिसऱ्या पायरीवर, २७ गुणांचे. वैद्यकीय सेक्रेटरीच्या पदास या १२ गुणांचा आधार होता, आणि काठावरच्या पदास तो निर्णायक ठरू शके. भावनिक परिश्रमात दुसऱ्या पायरीवरून तिसरीवर जाण्याचे मोल ७ गुण. बोटांच्या वेगास या मापात कानाच्या सहनशक्तीपेक्षा अधिक मिळते. आता बोललेले शब्द यंत्रच लिहू लागले आहे. डॉक्टरांनी उच्चारलेले पत्र पडद्यावर आपोआप उमटते, सेक्रेटरीने ते केवळ तपासावयाचे असते. वेगाची अट कार्यवर्णनातून निघाली की त्या १२ गुणांवर कोणत्याही फेरमूल्यमापनात बोट ठेवता येईल, आणि ते पुस्तिकेच्या नियमांस धरूनच होईल. टंकलेखन कमी झाल्याने जो वेळ मोकळा होतो तो भेटी हलविण्यात, हरवलेली शिफारसपत्रे शोधण्यात, आणि अहवाल आला का असे विचारणाऱ्या फोनांना उत्तरे देण्यात जातो. ते फोन कमी झालेले नाहीत. गुणपत्रकात त्या वाढलेल्या वेळासाठी नवा रकाना नाही. आहेत ते रकाने, संवादाचा तिसऱ्या पायरीचा आणि भावनिक परिश्रमाचा, ती स्त्री आधीच भरून बसली आहे.